सुभेदार रामजी सकपाळ: हेडमास्तर म्हणून त्यांना कोणी आठवतं का?

शाईपेन

मंडळी, लेकीला शाळेत तीन मिनिटांचं भाषण करायचंय. विषय बाईंनीच दिलाय, 'बाबासाहेबांचे वडील'. मला वाटलं सोपं आहे. ती वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "सांगा." मी म्हटलं, "ते सुभेदार होते." पुढे? पुढे माझी गाडी अडली.

मग घरातली चरित्रं काढून दोन रात्री वाचत बसलो. रामजी मालोजी सकपाळ फौजेत सुभेदार मेजर होते हे खरंच. पण सैन्यात त्यांचं काम होतं शिकवायचं. पुण्यातल्या लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढे पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तरकी केली. एवढी मोठी गोष्ट मला 'सुभेदार' या एका शब्दामागे कधी दिसलीच नव्हती. आपण त्यांना फक्त कोणाचे तरी वडील म्हणून ओळखतो. माझ्या मते ते आधी मास्तर होते आणि घरातही मास्तरच राहिले.

तुम्ही असता तर तीन मिनिटांत काय सांगितलं असतं?

खडू_आणि_डस्टर

धाग्याबद्दल आभार. मी स्वतः शिक्षिका आहे आणि मलाही 'हेडमास्तर' हा भाग माहीत नव्हता. वाचतेय.

कॅम्पदापोली

आमच्या दापोलीला अजून जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात, कारण इंग्रजांची छावणी होती. पेन्शनीत निघालेले पुष्कळ फौजी इथेच वस्तीला राहिले. सुभेदार रामजीही १८९४ च्या सुमारास निवृत्त झाल्यावर महूहून इथेच आले. मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. त्याच छावणीच्या आसपास गोपाळबुवा वलंगकर होते, तेही निवृत्त फौजी. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे अस्पृश्यतेविरुद्धचं पुस्तक लिहिलं. म्हणजे बघा, आज ज्या गावात लोक समुद्र बघायला येतात, तिथे तेव्हा हे पेन्शनर लोक अर्ज लिहीत बसले होते.

अवांतर_अण्णा

चौदा वर्षं हेडमास्तर, चौदावं अपत्य भीमराव, जन्मतारीख चौदा एप्रिल. फौजी मास्तर म्हणजे चौदावं रत्न दाखवणारच असं आपण धरून चालतो. इथे मास्तरांच्या घरातलं चौदावं रत्न वेगळंच निघालं!

खडू_आणि_डस्टर

अण्णा, धाग्यावर चार प्रतिसाद नाही झाले तोवर तुम्ही आलात. पण हा विनोद चोरणार आहे मी, शिक्षक-कक्षात सांगायला.

पेन्शनपट्टा

मी ३ वर्षांपूर्वी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून 'सुभेदार मेजर' म्हणजे काय ते जरा सांगतो. त्या काळी हिंदी माणसाला फौजेत चढता येईल अशी ती शेवटची पायरी. त्याच्यावर दार बंद. काल भरती झालेला गोरा लेफ्टनंटसुद्धा तीस वर्षं नोकरी झालेल्या सुभेदार मेजरच्या वरचा. तेव्हा 'फक्त सुभेदारच होते का' असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा, त्यापुढे शिडीच नव्हती.

भीमाबाईंचं माहेरही फौजीच. मुरबाडकर घराणं, वडील आणि सहा काका सगळे सुभेदार मेजर होते असं चरित्रात आहे. रामजींचे वडील मालोजीही सैन्यातलेच. म्हणजे दोन्हीकडून छावणीत वाढलेलं घर.

रातराणी_७

माझे वडील आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये हवालदार होते. पचमढीला ट्रेनिंग झालं होतं. लोकांना वाटतं फौजेत गेला म्हणजे बंदूक. बाबांच्या हातात मी कायम खडू आणि नकाशे पाहिले. मॅप रीडिंग शिकवायचे, शिपायांची बढतीची परीक्षा करून घ्यायचे, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांची घरची पत्रं लिहून द्यायचे. बाबा म्हणायचे की शिपाई पत्र सांगताना मधेच थांबला की खाली बघत बसायचं, वर बघायचं नाही. 'बायकोला काय लिहू' हे त्याला आपल्यासमोर ठरवावं लागतं.

शाईपेन, तुम्ही हेडमास्तर लिहिलंत आणि मला पहिल्यांदा तेच आठवले. पलटणीतला मास्तर म्हणजे साधा मास्तर नव्हे. समोर बसलेला विद्यार्थी चाळीस वर्षांचा, मिशा पिळदार, आणि 'क' काढताना घाम फुटलेला.

शाईपेन

रातराणी, हे अगदी जुळतं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की कंपनीच्या फौजेत हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीची. मुलींनासुद्धा, हे मी लेकीला दोनदा वाचून दाखवलं. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांची पोरंपोरी छावणीत पाटी घेऊन बसत होती.

तिरपागडा

जरा उलट बाजू मांडू का? सगळे भारावलेत म्हणून.

एक, ही फौज इंग्रजांची होती. तिने शिकवलं ते काही पुण्य कमावायला नाही, हुकूम वाचता येणारे शिपाई हवे होते म्हणून. दोन, १८९२ च्या सुमारास महारांची भरती याच सरकारने थांबवली. गरज होती तोवर घेतलं, नंतर 'लढवय्या जाती'चं खूळ काढून बाहेर ठेवलं. तेव्हा लष्करी शाळेचे पोवाडे जपून गा.

पेन्शनपट्टा

@तिरपागडा, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के. पण त्यावर रामजी गप्प बसले नव्हते ना. भरतीबंदीविरुद्ध अर्ज करायचा ठरला तेव्हा ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले आणि मसुद्यासाठी त्यांची मदत घेतली, असं चरित्रकार सांगतात. जोतीराव फुल्यांशीही त्यांचा स्नेह होता. सरकारचं मीठ खाल्लेला पेन्शनर सरकारच्याच विरोधात अर्ज करतो, ही छोटी गोष्ट नाही. पेन्शन बंद होईल ही भीती प्रत्येक पेन्शनरच्या पोटात असते, मला विचारा.

आणि भरती बंद म्हणजे नुसती नोकरी गेली असं नाही. पगार गेला, पेन्शन गेली आणि वर रातराणी म्हणतात ती शाळाही गेली. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं, बेळगावात.

तिरपागडा

हे मान्य. अर्जाची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

महूकर_सध्या_ठाणे

माझं बालपण महूला गेलं (आता डॉ. आंबेडकर नगर, २००३ पासून). एक गैरसमज आधीच दूर करतो, नाहीतर कोणीतरी टाकेलच. महू म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' वगैरे काही नाही. शेजारच्या मऊ नावाच्या खेड्यावरून छावणीला नाव पडलं. इंग्रजी आद्याक्षरं नंतर कोणीतरी हौसेने चिकटवली. दर १४ एप्रिलला लाखो लोक येतात आणि त्यातला एक तरी हे मला समजावून सांगतो.

अवांतर_अण्णा

महूकर, मी आत्ता तेच टंकत होतो. वाचवलंत.

कविता_वाचे

मला रामजींबद्दल सगळ्यात जवळचं वाटतं ते परळच्या डबक चाळीतलं. सातारा सोडून हे कुटुंब मुंबईला आलं तेव्हा राहायला एक खोली. स्वयंपाक तिथे, झोपणं तिथे, अभ्यास तिथे. एवढ्या माणसांत पोराने वाचायचं कधी? तर रामजी मुलाला लवकर झोपायला लावत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत. दोनला त्याला उठवायचं, तो अभ्यासाला बसला की मग आपण अंग टाकायचं.

आम्ही लहानपणी हे ऐकलं ते 'बघा कसा अभ्यास करायचे' असं, म्हणजे मुलाच्या बाजूने. आता माझा मुलगा दहावीला आहे. आता मला त्या गोष्टीत फक्त दोन वाजेपर्यंत अंधारात बसलेला म्हातारा दिसतो. दिवाही लावला नसेल, बाकीचे जागे होतील म्हणून. (दिव्याचं माझ्या मनचं आहे हां, चरित्रात नाही.)

रेल्वेगप्पा

गजराचं घड्याळ परवडत नव्हतं तर बाप गजर झाला.

पेन्शनपट्टा

फौजेत याला सेन्ट्री ड्युटी म्हणतात. सवय जात नाही. माझी बायको अजून विचारते, तीनला उठून खिडकीत काय बघता?

पुस्तकपेटी

मास्तर म्हणून त्यांची पद्धतही बघण्यासारखी आहे. इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं मुलाकडून घोटून घेतली. संस्कृत शिकवायची इच्छा होती, पण शाळेत मुलाला संस्कृत घेऊ दिलं नाही, त्याऐवजी फारसी भाषा घ्यावी लागली. घरात कबीरपंथी वातावरण, भजनं, संतांचे अभंग, रामायण-महाभारताची वाचनं.

या वाचनावरून बापलेकांत जो वाद झाला तो बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहून ठेवलाय. मुलाने विचारलं, ज्या ग्रंथांत आपल्याला कमी लेखलंय ते वाचायचे कशाला? रामजींचं उत्तर असं की आपल्याला न्यूनगंड यायची भीती आहे, आणि द्रोण, कर्ण, वाल्मीकी कुठून कुठे पोचले ते वाचलं की तो जातो. मुलाला ते पटलं नाही. तसं त्यांनी सरळ लिहिलंय. मला या प्रसंगात मास्तर दिसतो. फौजी शिस्तीच्या घरात पोरगं तोंडावर 'का' विचारतं आणि त्याला 'गप बस' न मिळता उत्तर मिळतं. न पटणारं का असेना.

सातारी_कंदी

आमच्या साताऱ्याचं कोणी काढलंच नाही! ७ नोव्हेंबर १९०० ला रामजींनी मुलाचं नाव इथल्या सरकारी हायस्कुलात घातलं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. पटावर १९१४ नंबरला नाव आहे. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आम्ही म्हणतो त्या दिवसाला पालक दिवसही म्हणा, पोरगं काय आपल्या पायाने गेलं नव्हतं नाव घालायला.

आणि भीमाबाईंची समाधी साताऱ्यात आहे. १८९६ ला त्या गेल्या तेव्हा भीवा पाच वर्षांचा. चौदा मुलं झाली त्यांतली पाचच हाताशी राहिली होती, बळीराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळलं. पाठीला कुबड होतं त्यांच्या. त्या बाईवर एक वेगळा धागा निघायला पाहिजे खरं तर.

कविता_वाचे

मीराबाईंच्या धाग्याला +१.

तिरपागडा

परत मीच. आता खरंच टोचणारं विचारतो, रागावू नका.

'कुटुंबवत्सल' म्हणताना हिशोब पुरा मांडा. मुंबईत दोघांची शाळा परवडेना तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. पुस्तकं आणायला पैसे नसले की रामजी लेकींकडे जात, उसने मागत, नाही जमलं तर दागिना घेत, तो मारवाड्याकडे गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. दुसरं लग्न केलं, आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून लहान भीमराव किती चिडला होता तेही चरित्रात आहे. म्हणजे एकाच्या शिक्षणासाठी भावाची शाळा आणि बहिणींचे डाग. याला आपण त्याग म्हणतो तेव्हा तो कोणाचा होता?

रातराणी_७

@तिरपागडा, रागावले नाही, पण लगेच उत्तरही सुचलं नाही. आमच्या घरात ती बहीण मी आहे. भावाच्या इंजिनिअरिंगसाठी माझं एम.ए. राहिलं. बाबांवर मी बरीच वर्षं मनात धरून होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत माझ्या बी.ए.च्या सगळ्या गुणपत्रिका निघाल्या, प्लास्टिकच्या पिशवीत. भावाची एकही नव्हती. याने काही फिटतं असं मी म्हणत नाही. पण 'कोणाचा त्याग' याचं उत्तर एका नावात बसत नाही एवढं कळतं.

खडू_आणि_डस्टर

रातराणी 🙏

सातारी_कंदी

तिरपागडा, मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच गहाण ठेवलेल्या दागिन्यांची गोष्ट बाबासाहेब स्वतः सांगायचे. लपवली नाही त्यांनी. बहिणींचं देणं त्यांनाही ठाऊक होतं.

रेल्वेगप्पा

माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, म्हणजे रेल्वे. रामजी निवृत्तीनंतर खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामावर तलाव खोदत होते, तिथे. मुलांनी सुट्टीत यायचं ठरलं. पोरं नटूनथटून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली आणि घ्यायला कोणीच नाही. पत्र पोचलं होतं, पण गड्याने ते रामजींना द्यायचं विसरलं. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैलगाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं अशी तडजोड. रात्रभर पाण्याचा घोट नाही.

ही गोष्ट आपण नेहमी मुलांच्या बाजूने वाचतो, वाचायलाच हवी. पण कविता म्हणाल्या तसं मीही आता दुसऱ्या बाजूने बघतो. सकाळी पोरं दारात उभी राहिली तेव्हा त्या माणसाचं काय झालं असेल? आयुष्यभर हजेरी घेतलेला हेडमास्तर, आणि स्वतःच्या पोरांच्या गाडीला हजर नव्हता. चूक त्याची नव्हती तरी.

अवांतर_अण्णा

आज विनोद नाही. वाचतोय.

पुस्तकपेटी

एक प्रसंग अजून, हा हलका आहे. १९०७ ला मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. (आजच्या पालकांनी हा आकडा फ्रिजवर लावावा.) समाजाने सत्कार करायचं ठरवलं तर रामजींनी नको म्हटलं, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून! नुसती परीक्षा तर पास झालाय. दादा केळुसकर रामजींचे स्नेही, त्यांनी समजूत घातली तेव्हा कुठे सभा झाली. त्याच सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र मुलाला भेट दिलं. ही भेट पुढे कुठवर गेली ते सांगायला नको.

खडू_आणि_डस्टर

हा अस्सल मास्तर. वर्गात पहिला आलेल्याला 'ठीक आहे, अक्षर सुधार' म्हणणारा. आमचे एक सर अगदी असेच होते, सैन्यातून आलेले, पी.टी. आणि भूमिती शिकवायचे. पन्नासपैकी पन्नास पडले तेव्हा मला म्हणाले, "पेपर सोपा होता." मी घरी येऊन रडले. नंतर कळलं की शिक्षक-कक्षात माझा पेपर सगळ्यांना दाखवत फिरत होते.

कॅम्पदापोली

शेवट कोणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. १९१२ ला मुलगा बी.ए. झाला आणि बडोदा संस्थानात नोकरीला निघाला. रामजींना ते पसंत नव्हतं. जानेवारी १९१३ ला तो गेला आणि थोड्याच दिवसांत तार आली, वडील आजारी. परत येताना सुरतेला मुलगा गाडीतून उतरला, वडिलांसाठी मिठाई घ्यायला. तेवढ्यात गाडी सुटली. दुसरी मिळून घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. रामजींची नजर त्याच्यावर पडली, पाठीवरून हात फिरला आणि ते गेले. २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. पाच-सहा महिन्यांनी चुकामूक.

कविता_वाचे

सुरतेची मिठाई. हे मी वाचलंय तरी दर वेळी वाटतं, या वेळी तरी गाडी मिळेल.

पुस्तकपेटी

आणि १९२३ ला लंडनहून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आलं ते आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण आहे. त्यांनी शिक्षणासाठी काय केलं त्याची कृतज्ञता म्हणून. रुपयावरचा प्रबंध, आणि अर्पण केलाय अशा माणसाला ज्याने पुस्तकांसाठी लेकीचा दागिना गहाण ठेवला.

तिरपागडा

हे चांगलं पकडलंत.

शाईपेन

सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. तीन मिनिटांत हे बसणार नाही म्हणून कात्री तिनेच चालवली. महू, रानडे, अर्ज सगळं उडालं. (पेन्शनपट्टा, माफ करा.) डबक चाळ ठेवली. तिरपागडा यांचा बहिणींचा मुद्दाही ठेवला, तो तर ती हट्टाने म्हणाली. सुरतेची मिठाई घेतली नाही, बोलताना रडू येईल म्हणे.

तिचा एकच प्रश्न होता, "ते दोनला उठवायचे, मग सकाळी त्यांना कोण उठवायचं?"

पेन्शनपट्टा

माफ केलं. आणि तिला सांगा, फौजी माणसाला उठवावं लागत नाही.

रातराणी_७

भाषणाचा व्हिडिओ टाका इथे.

शाईपेन

विचारलं. नको म्हणाली. पण बाईंनी वर्गात सगळ्यांना वाचायला म्हणून तिचा कागद ठेवून घेतलाय, आणि 'मारवाडी' शब्दाखाली लाल रेघ मारून 'सावकार' लिहिलंय.